हॉलमधला कॉम्प्युटर आईच्या हाती येईपर्यंत

खानापुरात पावसाळा लागला की डिशवरचं चित्र जातं. कणकुंबी-जांबोटीकडून ढग भरून आले की टीव्हीवर आधी चौकोन चौकोन दिसायला लागतात, मग आवाज तुटतो आणि शेवटी सिग्नल नसल्याची पाटी येते. डिशवर येणाऱ्या लहरी १० ते १२ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या असतात आणि जोराचा पाऊस त्या वाटेतच शोषून घेतो. त्यामुळे गच्चीवर जाऊन छत्री हलवण्यात काही अर्थ नसतो. माझ्या माहेरी आई-आप्पा दोघंच असतात. भाऊ फोंड्याला नोकरीला, मी लग्नानंतर बेळगावात टिळकवाडीला. जून ते सप्टेंबर आप्पांना गुडघ्यामुळे घराबाहेर पडता येत नाही, आणि नेमके त्याच दिवसांत टीव्ही बंद.

खरं तर ऐकण्या-बघण्यासारखं घरात भरपूर होतं. आप्पांनी आयुष्यभर टेपरेकॉर्डर घेऊन सप्त्यांतली कीर्तनं आणि आमच्या भजनी मंडळाची रात्र-रात्र चाललेली भजनं रेकॉर्ड केली होती. ट्रंकभर कॅसेटी. त्यातले कित्येक गाणारे आज हयात नाहीत, त्यांचा आवाज फक्त या फितींवर आहे. मी त्या कॅसेटी हळूहळू कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. टेपच्या इअरफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरच्या निळ्या लाइन-इनमध्ये लावायची, ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर सुरू करायचं आणि बसायचं. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, ते काम घाईचं नाही. त्याशिवाय आप्पांनी विकत घेतलेल्या कुमार गंधर्वांच्या सीडी होत्या. कुमारजी १९२४ साली आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले याचा आप्पांना घरचं माणूस असावं तसा अभिमान. वर घरातल्या लग्नांचे, बारशांचे व्हिडिओ.

हे सगळं भावाच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये भरलं. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची यंत्रणा घातली, गाणी-व्हिडिओ लावणारं कोडी बसवलं आणि एचडीएमआय केबलनं हॉलमधल्या टीव्हीला जोडलं. कोडी हे २००२ साली एक्सबॉक्स या खेळांच्या यंत्रासाठी सुरू झालेलं सॉफ्टवेअर. पुढे ते एक्सबीएमसी म्हणून ओळखलं गेलं आणि २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं. फुकट आहे, मोठ्या अक्षरांत आहे, दूरवर बसून बघण्यासाठीच बनवलेलं आहे. मी रविवारी घरी असले की सगळं झकास चालायचं. आप्पा डोळे मिटून तासन्‌तास ऐकायचे. मी बेळगावला परतले की कॉम्प्युटर पुढच्या भेटीपर्यंत बंद.

आईला विचारलं तर म्हणाली, "तू लावून देतीस तवा चांगलं वाटतंय की. मला ते उंदीर धरून जमत नाही."

तेव्हा ठरवलं की हा कॉम्प्युटर रिमोटवर चालला पाहिजे, आणि मी नसताना चालला पाहिजे.

आधी सोपे मार्ग बघून झाले. टचपॅड असलेला छोटा वायरलेस कीबोर्ड आणला. त्यावर ऐंशीच्या वर बटणं, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि टीव्हीवरचा बाण तिला दिसेना. मग फोनवर कोडीचंच कोरे नावाचं ॲप घातलं. कोडीच्या सेटिंगमध्ये सर्व्हिसेसखाली कंट्रोल आहे, तिथं एचटीटीपीवरून, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून, नियंत्रणाला परवानगी द्यायची, नाव-पासवर्ड घालायचा, पोर्ट ८०८०. माझ्यासारखीला हे उत्तम आहे आणि मी आजही वापरते. पण फोन म्हटल्यावर आधी लॉक उघडा, मग ॲप शोधा, मधेच कुणाचा तरी फोन येतो, आणि राउटर बंद पडला की सगळंच ठप्प. आप्पा तर भजनाच्या मधे फोन हातात घ्यायलाच तयार नव्हते.

तिसरा मार्ग टीव्हीच्याच रिमोटचा. एचडीएमआय केबलच्या १३ नंबरच्या पिनवरून टीव्ही आणि त्याला जोडलेलं उपकरण एकमेकांना निरोप पाठवू शकतात, त्याला सीईसी म्हणतात. कंपन्यांनी त्याला आपापली नावं दिली आहेत: सॅमसंगचं ॲनीनेट प्लस, एलजीचं सिमप्लिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक. हे असेल तर टीव्हीच्या रिमोटवरचे बाण थेट कोडीला मिळतात, वेगळं काही घ्यावं लागत नाही. रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये ही सोय येते. साध्या डेस्कटॉपच्या ग्राफिक्समध्ये मात्र बहुधा नसते आणि आमच्यात नव्हतीच. नवीन कॉम्प्युटर घेण्यापेक्षा आहे त्यालाच कान लावायचे ठरवले.

त्यासाठी रिमोटचा न दिसणारा उजेड ओळखणारा यूएसबीचा इन्फ्रारेड रिसीव्हर ऑनलाइन मागवला. मायक्रोसॉफ्टनं २००२ मध्ये विंडोज एक्सपीची गाणी-व्हिडिओ रिमोटनं लावता येणारी मीडिया सेंटर आवृत्ती काढली, तेव्हापासून या जातीचे रिसीव्हर निघाले. विंडोज १० आलं आणि मीडिया सेंटर गेलं, पण लिनक्सनं त्या रिसीव्हरना सोडलं नाही. एमसीई-यूएसबी हा रिसीव्हर चालवणारा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, खोचला की चालू. आणि तो सोबतच्याच रिमोटला बांधील नसतो. समोरून येणारे उजेडाचे ठोके तो जसेच्या तसे कर्नलला देतो, मग रिमोट कुठलाही असो.

रिमोट कुठला घ्यायचा हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. डिशचा जुना रिमोट कपाटात होता, पण त्याच कंपनीचा बॉक्स टीव्हीखाली चालू होता. एक बटण दाबलं की कॉम्प्युटर आणि बॉक्स दोघंही हलणार. शेवटी बिघडलेल्या डीव्हीडी प्लेअरचा रिमोट निवडला. प्लेअर कधीच भंगारात गेला होता, रिमोट मात्र प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून जपून ठेवलेला. त्याला बाण होते, मधे ओके, चालू-थांबा होतं, आकडे होते, आणि आईच्या हाताला तो ओळखीचा होता.

जिवंत आहे का हे बघायला नवे सेल घातले आणि फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं. रिमोटच्या टोकाचा दिवा डोळ्यांना दिसत नाही, कारण तो साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो, पण कॅमेऱ्यात जांभळट चमक येते. मागच्या कॅमेऱ्यात कधीकधी येत नाही, तिथं इन्फ्रारेड अडवणारी काच असते. अर्धी बटणं चमकली, अर्धी नाही. रिमोट उघडून रबराच्या पट्टीखालचे काळे कार्बनचे ठिपके आणि खालची सर्किटची पाटी कापसाला स्पिरिट लावून पुसली. वर्षानुवर्षांचा हाताचा तेलकटपणा निघाला आणि सगळी बटणं बोलायला लागली.

रिमोट बोलतो म्हणजे काय, हे त्या संध्याकाळी वाचत बसले आणि मला त्याची गोडीच लागली. बराचसा असा रिमोट एनईसी नावाच्या पद्धतीनं बोलतो. उजेड सेकंदाला ३८ हजार वेळा चालू-बंद होतो. खोलीत ट्यूबलाइट असते, उन्हाचा कवडसा असतो, त्या सगळ्यातून रिसीव्हर फक्त ही लय निवडून घेतो, टाळ-मृदंगाच्या गजरात जाणकाराला एकच ठेका वेगळा ऐकू यावा तसा. सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा लांब ठोका, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, आणि मग ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक. प्रत्येक छोट्या ठोक्यापुढची शांतता आखूड असेल तर शून्य, लांब असेल तर एक. त्यात आधी उपकरणाचा पत्ता, मग त्याच पत्त्याची उलटी प्रत, मग बटणाचा क्रमांक, मग त्याचीही उलटी प्रत. दोन्ही जुळले तरच निरोप खरा मानायचा. बटण दाबून धरलं तर पूर्ण निरोप पुन्हा येत नाही, साधारण दर ११० मिलिसेकंदांनी 'तेच' एवढीच छोटी खूण येते.

प्रत्यक्षात करायचं काम थोडकं आहे. आयआर-कीटेबल नावाचं पॅकेज मिंटच्या भांडारातून घेतलं. ते चाचणीच्या पर्यायासह टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत चालवायचं, एनईसी, आरसी-५, आरसी-६ या रिमोटच्या सगळ्या पद्धती चालू करायच्या आणि रिमोटची बटणं एकेक करून दाबायची. प्रत्येक दाबाला पडद्यावर कोड उमटतो. मी वहीत रिमोटचं चित्र काढलं आणि बटणांवर कोड लिहीत गेले. आप्पा शेजारी बसून नंबर सांगत होते. मग एका साध्या फाइलीत लिहायचं: हा कोड आला तर कीबोर्डवरची अमुक कळ दाबली असं समज. ती फाइल इटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या आरसी-कीमॅप्स या फोल्डरमध्ये ठेवायची आणि आरसी-मॅप्सच्या यादीत एका ओळीत तिचं नाव घालायचं, म्हणजे कॉम्प्युटर चालू झाला की ती आपोआप लागू होते.

बाण चालले. आवाज चालला. ओके मात्र चालेना. टर्मिनलमध्ये कोड नीट येत होता आणि कोडी ढिम्म. हे ज्यांच्या वाट्याला येईल त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण माझा यात बराच वेळ गेला. रिमोटच्या तयार तक्त्यांत ओकेसाठी जी कळ वापरतात तिचा कर्नलच्या यादीतला क्रमांक ३५२ आहे. पडदा सांभाळणारी जुनी एक्स यंत्रणा मात्र २४७ च्या पुढच्या कळा ओळखतच नाही, त्या वाटेतच हरवतात. ओकेच्या जागी कीबोर्डचं साधं एंटर लिहिलं, त्याचा क्रमांक २८, आणि ओके चालू झालं. आकड्यांचीही तीच गत: तक्त्यांमधले रिमोटचे आकडे ५१२ पासून पुढे असतात. त्यांच्याऐवजी कीबोर्डचे साधे आकडे लिहायचे. 'मागे'साठी बॅकस्पेस, थांबण्यासाठी एक्स हे अक्षर, विरामासाठी स्पेस. कोडीला या कळा आधीपासून माहीत असतात.

आता कुठलं बटण काय करणार हे ठरवायचं. इथं मी आईला शेजारी बसवून घेतलं आणि ती काय दाबते ते बघत राहिले. ती अंगठा बटणावर ठेवून नीट, सावकाश दाबते. त्यामुळे यादीत एक पाऊल जायचं तिथं चार पावलं जायची, हवं ते भजन निसटून पुढचंच लागायचं. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये कळ दाबून धरल्यावर पुनरावृत्ती किती वेळानं सुरू व्हावी त्याची पट्टी आहे. ती पार लांब ओढली आणि वेग कमी केला. एवढ्यानं तिचा हात आणि पडदा एका चालीत आले.

दुसरं लक्षात आलं ते तिच्या भीतीचं. डिशच्या रिमोटवर चुकून भलतंच बटण लागलं की पडदा निळा व्हायचा आणि शेजारच्या पोराला बोलवावं लागायचं. इथंही पहिल्यांदा विचारलं तेच, "हे दाबलं तर बिघडत नाही नव्हं?" मग मी फाइलीतल्या निम्म्याहून जास्त ओळी काढूनच टाकल्या. सबटायटल, झूम, अँगल, सेटअप, सगळं गेलं. ज्या बटणाची ओळ फाइलीत नाही ते दाबलं तर काहीच होत नाही. आज त्या रिमोटवर चालू आहेत ती बाण, ओके, मागे, थांबा, विराम, आवाज, पॉवर आणि १, २, ३ एवढीच. मला वाटतं सगळ्या कामात हीच गोष्ट सगळ्यात उपयोगी पडली. दिवसभरात आईनं मुद्दाम भलती बटणं दाबून बघितली, काही होत नाही याची खात्री करून घेतली, आणि मगच रिमोट स्वतःच्या उशाशी ठेवला.

१, २, ३ ची सोय कोडीच्या कीमॅप फाइलीत, म्हणजे कुठल्या कळेनं काय व्हावं त्या फाइलीत, करता येते. कोडीच्या सुरुवातीच्या पडद्यावर १ दाबलं की भजनांचं फोल्डर, २ ला कीर्तनं, ३ ला घरचे व्हिडिओ. प्रत्येक फोल्डरमध्ये 'फोल्डर' याच नावाचं जेपीजी चित्र ठेवलं की कोडी तेच चित्र दाखवतं. मी कॅसेटींच्या कव्हरांचे आणि त्या-त्या बुवांचे फोटो घातले. सणाला वहिनी येते ती गोकाकची, तिचं शिक्षण कन्नडमधून. तीही चित्रं बघून बरोबर लावते, तिला विचारावं लागत नाही. आणखी एक: व्हिडिओ अर्धा सोडून पुन्हा लावला की कोडी विचारतं, सुरुवातीपासून की सोडलं तिथून? असा इंग्रजी प्रश्न पडद्यावर आला की आईचा हात थांबायचा. सेटिंगमध्ये मीडिया, मग व्हिडिओ, तिथं नेहमी सोडलं तिथून सुरू कर असं सांगून ठेवलं.

राहिलं चालू-बंद. कॉम्प्युटरचं बटण टेबलाखाली, आईनं रोज वाकायचं म्हणजे अवघड. झोपेतल्या कॉम्प्युटरला रिमोटनं जागं करता येतं, पण आमच्याकडे वीज इतकी ये-जा करते की झोप टिकतच नाही. त्यापेक्षा बायोसमधली, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधली, एक जुनी सोय कामी आली: वीज गेल्यावर परत आली की काय करायचं, त्याला 'चालू हो' असं सांगायचं. आता भिंतीवरचा स्विच लावला की कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो, पासवर्ड न विचारता आत जातो आणि कोडी उघडतं. बंद करायला रिमोटचं पॉवर बटण. मिंट त्यावर आधी चौकट दाखवून विचारतं, पण पॉवरच्या सेटिंगमध्ये 'ताबडतोब बंद कर' निवडता येतं. पंख्याचा आवाज थांबला की आई स्विच बंद करते. रात्री स्विच बंदच असल्यामुळे मध्यरात्री वीज आली तरी मशीन जागं होत नाही.

यातून एक अडचण उभी राहिली. थोड्याच दिवसांत आईचा फोन: "काळा पडदा आलाय, इंग्रजीत काय तरी लिहिलंय, पुढं जाईना." घड्याळ मागं गेलं होतं आणि मशीन एफ-वन दाबायची वाट बघत होतं. मदरबोर्डवर नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. भिंतीवरचा स्विच चालू असतो तोवर सेटिंग आणि घड्याळ सांभाळायला वीजपुरवठ्यातूनच ताकद मिळते. स्विच बंद असला की सगळा भार त्या सेलवर. आमचा सेल मशीनइतकाच जुना, रोजच्या बंद स्विचनं तो बसला. खडेबाजारातल्या घड्याळाच्या दुकानातून नवा घेतला, बसवला, बायोसमधलं सगळं पुन्हा भरलं. त्याच वेळी कीबोर्ड नसला तरी अडून बसू नकोस हेही सांगून ठेवलं, कारण कीबोर्ड तोवर कपाटात गेला होता. जुनं मशीन असं वापरायचं असेल तर सेल आधीच बदलून घ्यावा.

रिसीव्हरची जागाही बदलावी लागली. कॉम्प्युटर कोपऱ्यात, म्हणून यूएसबीची लांब वायर घेऊन रिसीव्हर टीव्हीच्या वरच्या कडेला चिकटवला. पण ऑक्टोबरात पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट तिथंच पडायचं आणि संध्याकाळी रिमोट अडखळायचा. सूर्यप्रकाशातही भरपूर इन्फ्रारेड असतं, त्यापुढे रिमोटचा दिवा फिका पडतो. रिसीव्हर टीव्हीच्या खालच्या सावलीत आणल्यावर ते थांबलं. ओके आणि १, २, ३ या बटणांवर नेलपॉलिशचे जाड थेंब दिले. वाळले की बोटाला लागतात, दिवा न लावता सापडतात.

रेकॉर्डिंगची एक प्रत माझ्याकडे टिळकवाडीला आणि एक भावाकडे फोंड्याला वेगळ्या डिस्कवर आहे. कॉम्प्युटर बंद पडला तर दुसरा येईल, त्या आवाजांचं तसं नाही. रिमोटची फाइल, कीमॅपची फाइल आणि वहीतल्या त्या चित्राचा फोटोही त्याच डिस्कवर ठेवला आहे, म्हणजे पुन्हा सगळं उभं करायचं झालं तर कोड नव्यानं शोधत बसावं लागणार नाही.

आता सकाळी आठच्या सुमाराला आई १ दाबते. दुपारी आप्पांना कीर्तन हवं असतं आणि रिमोट आईजवळ स्वयंपाकघरात असतो. म्हणून मी आणखी एक रिमोट जोडला, भावाच्या घरातल्या एका जुन्या म्युझिक सिस्टिमचा. तो वेगळ्या पद्धतीनं बोलतो, आरसी-५ नं, पण एकाच फाइलीत दोन पद्धती एकाखाली एक लिहिता येतात. त्यावरही तेवढीच बटणं चालू ठेवली आणि तसेच थेंब दिले. तो आप्पांच्या खुर्चीच्या हाताला दोरीनं बांधलेला असतो.